थिजणारं कथिल

२४ नोव्हेंबर, सोमवार

“मॅडम, कथिल तं आपण भांड्याले लावतो. माह्या सासूनं जल्मभर कल्हईच्या पातेल्यात कढी केली. मग तुमच्या या शिशीतलं कथिल जहर कसं काय?”

इंदूबाईंनी आज सगळ्यांसमोर हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

परीक्षेत विचारलं असतं तर दोन पानं लिहिली असती. डायब्युटिल टिन डायलॉरेट. मध्ये कथिलाचा एक अणू, त्याला कार्बनच्या दोन साखळ्या आणि लॉरिक आम्लाचे दोन भाग जोडलेले. धातूचं कथिल निराळं आणि असं बांधलेलं कथिल निराळं. पण निराळं म्हणजे कसं, हे इंदूबाईंना पटेल असं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी म्हणाले, “त्याची रचना वेगळी असते.” त्या म्हणाल्या, “बरं.” टीव्हीवर इंग्रजी बातम्या लागल्या की आई याच सुरात “बरं” म्हणते आणि भाजी निवडायला लागते.

नोकरीला लागून तीन आठवडे झाले. महादुल्याच्या पुढे रविंद्रभाऊंची शेड आहे. वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या बेल्टला जो ओला कोळसा चिकटतो, तो खरवडणारी पॉलियुरेथेनची ब्लेडं आम्ही बनवतो. दोन दाट द्रव मगात मिसळायचे, सिरिंजनं या कथिलाच्या तेलाचे मोजून थेंब टाकायचे, साच्यात ओतायचं. दीड तासात ब्लेड घट्ट. थेंब विसरले तर दिवसभर नुसता लगदा. ओतायची तीन टेबलं, तिन्हींवर बायका. मी क्वालिटी आणि सेफ्टी दोन्हींची इनचार्ज. माझ्या हाताखाली कुणी नाही, पण इनचार्ज.

बाबा खापरखेड्यात ठेकेदाराकडे आहेत. बेल्टखाली सांडलेला कोळसा फावड्यानं उचलायचं काम. मी कामाचं सांगितलं तर हसत सुटले. “कोळसा खरडायच्या ब्लेडीसाठी एम.एस्सी. लागते का बापा! आमी तं फावड्यावरच भागवलं.” आणि संध्याकाळी ही डायरी घेऊन आले. “लिहत जाय. आपल्या घरात पयलं कोण शिकलं, ते पुढच्यायले समजन.”

उत्तर शोधणार. इंदूबाईंच्या भाषेत शोधणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीकडून आलेलं तेलाचं सुरक्षापत्रक पूर्ण वाचलं. कातडी आणि डोळ्यांना इजा. सतत संपर्क राहिला तर रोगप्रतिकारशक्ती घडवणाऱ्या ग्रंथीवर परिणाम. पाण्यातल्या जीवांना अतिविषारी. आणि एक ओळ मी तीनदा वाचली: पोटातल्या बाळाला हानी पोहोचू शकते.

लगेच रविंद्रभाऊंकडे गेले. ते फोनवर होते, तरी ऐकून घेतलं. माणूस चांगला आहे. नायट्राइलचे हातमोजे मागवले. सांडलेलं पुसायला भुसा ठेवला, तो भुसा आणि वापरलेले मग आता झाकणाच्या ड्रममध्ये जातात, नालीत काही ओतायचं नाही. मागचा नाला शेवटी कन्हान नदीलाच जातो.

मग मी नियम केला. जेवणाच्या सुट्टीनंतर तिन्ही टेबलांना एकत्र बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, ज्या बाईला दिवस गेले असतील तिनं मला लगेच सांगायचं. त्या दिवसापासून तिनं शेडमध्ये यायचं नाही. तेच लिहून भिंतीवरही लावलं.

“म्हणजे घरी बसाचं?” भावनानं विचारलं. ती पहिल्या टेबलावर असते, माझ्याच वयाची, सगळ्यांत हात चलाख.

“हो. काळजीपोटीच.”

“आन बाळंतीण झाल्यावर? जागा राहते का?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. आधी जीव महत्त्वाचा.”

इंदूबाई भावनाकडे पाहत होत्या. कुणी आणखी काही विचारलं नाही. मला वाटतं नियम सगळ्यांना पटला. कॉलेजात असताना कामगारांच्या आरोग्यावर भाषण केलं होतं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आज टाळ्या नव्हत्या, पण आज मी खरंच काहीतरी केलं.

२ डिसेंबर, मंगळवार

संकट! काल आणि आज ओतलेली ब्लेडं चिकट राहिली. साच्यातून काढताना च्युइंग गमसारखी ताणली गेली. मौद्याच्या वीज केंद्राची ऑर्डर याच महिन्यात द्यायची आहे. रविंद्रभाऊ टक्कलावरून हात फिरवत फिरत होते. “मॅडम, तुमी आल्या आन माल बसला. पायगुण म्हणू का काय म्हणू?” गमतीनं म्हणाले. मला नाही आवडली गंमत.

दोन्ही द्रव तपासले, ठीक आहेत. वजनं ठीक. थेंबही मोजून टाकले जातात, मी उभी राहून पाहिलं.

सकाळी बसमध्ये दात वाजत होते. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या.

३ डिसेंबर, बुधवार

सापडलं!

सकाळी स्टोअरमधला मोठा डबा उघडला. तेल वरवर पातळ आणि खाली पांढरं, मेणासारखं घट्ट. हे रसायन बावीस-चोवीस अंशांच्या खाली थिजतं. पुस्तकात वाचलं होतं, पण मार्चमध्ये वाचलं होतं, आणि नागपुरात मार्चमध्ये थिजण्याचा विचार कुणाच्या डोक्यात येतो? शिशीतही तेच झालं होतं. सिरिंजमध्ये अर्धवट गोठलेलं तेल येत होतं आणि मिश्रणात नीट विरघळतच नव्हतं.

आणि तेव्हाच मला ते वाक्य सापडलं, दहा दिवस शोधत होते ते. लॉरेट! लॉरिक आम्ल म्हणजे खोबरेल तेलात जे सगळ्यांत जास्त असतं तेच. खोबरेलही याच थंडीत थिजतं. मी धावत टेबलांकडे गेले आणि शिशी उंच धरून विचारलं, “हिवाळ्यात तुमच्या घरी खोबरेल तेलाचं काय होतं?”

“दगड होते,” इंदूबाई म्हणाल्या.

“मग हे पण तसंच! याच्यात खोबरेलातलाच एक भाग आहे. म्हणून हे थिजतं. याला फक्त ऊब द्यायची, वापरायच्या आधी हलवायचं, झालं.”

एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणी म्हणाली, “हात्तेरी, खोबरेल का!” तिसऱ्या टेबलावरून आवाज आला, “मग डोक्याले लावून पाहू का मॅडम?” मी पण हसले. “डोक्याला नाही हं लावायचं,” म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मॅडमसारखी नाही, त्यांच्यातली एक होऊन बोलले.

मोठ्या टबात पाणी, त्यात हीटर, चाळीस अंश. सकाळी आठला शिश्या त्यात ठेवायच्या, अर्ध्या तासानं काढायच्या. दुपारची ब्लेडं कडक निघाली. भाऊ ब्लेड टेबलावर आपटून पाहत होते, लहान मुलासारखे. “मॅडम, पायगुण चांगला आहे गा तुमचा!”

पुरुषांना म्हणायचं “गा” बाईला म्हणाले, इतके खूश.

७ डिसेंबर, रविवार

काल दीक्षाभूमीवर गेलो, आई-बाबा आणि मी. आजोबा छप्पनला खांद्यावर बसून आले होते म्हणे, दरवर्षी बाबा ती जागा दाखवतात आणि दरवर्षी ती थोडी सरकलेली असते. पुस्तकांच्या रांगेत आईनं एक पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, मला दिलं. “हे चांगलं आहे का?” आईला वाचता येत नाही. मी हो म्हणाले. ती म्हणाली, “मग घे.”

येताना बाबांनी एका ओळखीच्या काकांना सांगितलं, “पोरीनं थिजलेली कंपनी चालू केली.” मी लाजले. पण खरंच आहे ते थोडं.

११ डिसेंबर, गुरुवार

हिवाळी अधिवेशनामुळे बसचा घोळ. मला पोचायला साडेनऊ झाले. तोवर भावनाच्या टेबलावर पहिला साचा भरून झाला होता. बाकी दोघींच्या शिश्या अजून टबात होत्या. टबाचं पाणी तापायलाच वेळ लागतो.

मी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. रोज तिची शिशी सगळ्यांत आधी तयार असते, तेल पिवळं, स्वच्छ, एक कणही गोठलेला नाही. “भावनाकडून शिका,” म्हणाले. ती खाली बघून हसली. “हात लवकर चालते मॅडम, बाकी काही नाही.” इंदूबाईंनी पाठ फिरवून साचा पुसायला घेतला. वयानं मोठ्या आहेत, कदाचित कौतुक त्यांचं व्हायला हवं होतं. पुढच्या वेळी करीन.

भावना सारखी कमरेपाशी खाजवत होती. विचारलं तर म्हणाली, परकराची नाडी काचते. थंडीत कातडी कोरडी पडते, आईला पण असंच होतं. मी पर्समधलं मलम दिलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

समुद्री शंखांबद्दल वाचलं. पूर्वी जहाजांच्या बुडाला शेवाळ चिकटू नये म्हणून आमच्या या कथिलाच्याच एका भावंडाचा रंग लावत, ट्रायब्युटिल टिनचा. तो पाण्यात झिरपला आणि किनाऱ्यावरच्या मादी शंखांना नराचे अवयव फुटू लागले. अंडी घालणं बंद. काही किनाऱ्यांवरून जातच नाहीशी झाली. आता तो रंग जगभर बंद आहे. आणि रंगाचं प्रमाण काय, तर पाण्यात जवळजवळ नसल्यासारखं.

आमचं तेल ते नव्हे. याला दोन साखळ्या, त्याला तीन, एवढाच फरक असला तरी गुणात फरक पडतो. पण भावंडच आहे.

म्हणून कथिलाच्या थेंबांच्या जागी चालेल अशा बिस्मथच्या कॅटलिस्टचा नमुना मागवला होता. आज त्याची तीन ब्लेडं काढली. कडकपणा अगदी सारखा. अडचण एकच, घट्ट व्हायला दीड तासाऐवजी चार तास लागतात.

रविंद्रभाऊंनी ब्लेड वाकवून पाहिलं आणि परत दिलं. “मॅडम, ब्लेड एक नंबर. पण दिवसात चार येळा साचा भरतो आपण, मग दोनदाच भरन. मौदावाले मले साच्यात घालून घट्ट करतीन. हातमोजे देल्ले, भुसा देल्ला, नियम केला. उन्हाळ्यात पाहू.”

त्यांचंही चूक नाही. हातमोजे आहेत, टब आहे, नियम आहे. सगळे नीट पाळतात. उन्हाळ्यात पाहू.

२२ डिसेंबर, सोमवार

भावना आज दोनदा साच्यापाशी खाली बसली. दुसऱ्यांदा उठताना टेबल धरून उठली. मी म्हटलं, नाश्ता न करता येतेस ना? म्हणाली, हो. मी जरा रागावले. आपल्या बायका सगळ्यांना खाऊ घालून रिकाम्या पोटी कामाला येतात. उद्यापासून तिच्यासाठी डब्यात एक पोळी जास्त आणणार.

चहा मात्र तिनं नको म्हटला. वासच नको झाला म्हणे. चहावाल्याचं दूध खरंच बेकार आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

पोळी दिली. तिनं ती इंदूबाईंच्या लोणच्याबरोबर खाल्ली, आणि लोणचं पोळीपेक्षा जास्त. इंदूबाई म्हणाल्या, “खाय वं, पुन्ना आणतो उद्या.” दोघींचं फार जमतं. मी उगाच मानापमानाचा विचार करत होते.

३० डिसेंबर, मंगळवार

क्रमानं लिहिते.

रात्री वीज गेली होती, सकाळी आली नाही. हीटर बंद. टबातलं पाणी बर्फासारखं. नऊ वाजता मी टेबलांवर गेले. इंदूबाईंची शिशी पांढरी. तिसऱ्या टेबलावरची पांढरी. मी म्हणाले, वीज येईपर्यंत ओतणं बंद.

“माही चालते मॅडम,” भावना म्हणाली आणि शिशी माझ्या हातात दिली.

पिवळी, स्वच्छ, पातळ.

आणि कोमट. शेडमध्ये हातमोजा काढून कशालाही हात लावावा तर गार लागत होतं. लोखंड, साचे, पाणी, माझी बोटं. फक्त ती शिशी कोमट होती. पाण्यानं गरम केलेल्या वस्तूसारखी नाही. पाखरू हातात धरल्यासारखी.

मी विचारलं, “कुठं ठेवली होती?”

ती साचा पुसायला लागली.

“भावना, कुठं?”

तिनं स्वेटर थोडा वर केला. कमरेला, नाडीच्या आत, शिशीच्या आकाराची लाल जागा होती. कातडी सोललेली. मी मलम दिलं होतं ती जागा.

“टब तापाले टाइम लागते ना,” ती म्हणाली. “आल्यावर साचे पुसता पुसता खोचून ठेवतो. पुसून होईपर्यंत तेल पातळ. घरी खोबरेल असंच करतो ना आपण, आंघोळीच्या आधी पदरात धरून.”

“पण हे तेल... मी सांगितलं होतं...”

“तुमीच तं सांगितलं, खोबरेलच आहे म्हणून.”

हे ती भांडून नाही म्हणाली. आठवण करून दिल्यासारखं म्हणाली.

शिशीचं झाकण मी पाहिलं. आटे झिजलेले. कडेनं तेलाची बारीक रेघ.

तेव्हा इंदूबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातून शिशी घेतली, टेबलावर ठेवली आणि भावनाला म्हणाल्या, “सांग आता. काहून लपवते?”

“चवथा महिना चालू आहे,” भावना म्हणाली.

मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुतेक “मला का नाही सांगितलं” असं काहीतरी. उत्तर इंदूबाईंनी दिलं. “सांगून काय होतं मॅडम? तुमी घरी पाठवलं असतं. तिचा नवरा अंकुश सप्टेंबरपासून घरीच आहे, ठेका संपला त्याचा. तुमचा नियम आयकला आन पोरीनं त्याच दिवशी ठरवलं, पोट दिसेपर्यंत कोणाले समजू द्याचं नाही. मीच म्हटलं, काम असं कर का तुह्याबिगर टेबल चालूच नये. म्हणजे काढाच्या आधी धा येळा विचार करतीन.”

“रोज पयली शिशी माहीच राहाची,” भावना म्हणाली. “तुमी नाव पण घेतलं ना माहं.”

साबण, भरपूर पाणी, अर्धा तास धुतलं. पाणी वेगळ्या ड्रममध्ये. मग ऑटो करून दवाखान्यात.

३१ डिसेंबर, बुधवार

काल लिहायचं राहिलेलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रसायनाचं नाव मला दोनदा लिहून मागितलं. त्यांनी ऐकलं नव्हतं. फोनवर शोधलं, कुणाला तरी विचारलं. जखमेला औषध दिलं. बाळाचे ठोके ऐकवले, भराभर, रेल्वे पुलावरून जाते तसे. भावना पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं माझा हात इतका दाबला की बोटं पांढरी झाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ठोके चांगले आहेत, संपर्क थांबवा, पुढची सोनोग्राफी नीट करू, मी लक्ष ठेवीन. त्यापेक्षा जास्त आज कुणी सांगू शकणार नाही.

बाहेर बाकावर बसलो. भावनानं विचारलं, “माह्या लेकराले काई होईन का?”

मला खोटं बोलता आलं असतं. पत्रकातली आकडेवारी उंदरांवरची आहे, त्यांना पोटातून मोठे डोस दिले होते. तिच्या कातडीतून किती आत गेलं ते कुणी मोजलेलं नाही. ही सगळी वाक्यं खरी होती, आणि त्यातलं एकही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“मले माहीत नाही वं,” मी म्हणाले. “पण आतापासून एक थेंब तुह्या अंगाले लागणार नाही. आन मी दर येळी तुह्यासंगं इथं येईन.”

तिनं दवाखान्याच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “असं बोलत जा ना मॅडम. तिथं शेडीत तुमी पुस्तकासारख्या बोलता.”

तिथं बसूनच रविंद्रभाऊंना फोन केला. सगळं सांगितलं. ते घाबरले, हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते. “पोरगी बरी आहे ना? दवाखान्याचं मी पाहतो.” आणि मग, “पण मॅडम, आता नियमाप्रमाणं तिले घरी पाठवा. पुन्ना रिस्क नको.”

माझा नियम. माझ्याच शब्दांत मला परत मिळाला.

२ जानेवारी, शुक्रवार

बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पायाला तेल चोळत बसले होते. (खोबरेल. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि परत आले.)

बाबा म्हणाले, “आमच्या इथं बेल्टच्या रोलरवर जाळी नव्हती. साहेबानं पाटी लावली, सैल कपडे घालून येऊ नये. मग केशवचा शेला अडकला. तं म्हणे, पाटी वाचली नाही काय? जाळी दोन महिन्यानं लावली.”

“केशवकाका?”

“तोच. हात तेव्हाच गेला त्याचा.”

एवढंच बोलले आणि जेवायला बसले.

मी बाईला काढायचा नियम केला. कथिलाला काढायचा नियम केला नाही. पाटी लावली आणि मला वाटलं जाळी बसवली. वर आणखी भीती घालवायला गोड उपमा दिली. भीतीच तर राहायला हवी होती. तीच एक राखण होती.

पण रडून काय होणार? रडले थोडं, मग कागद घेऊन बसले. बिस्मथला चार तास लागतात. साचे दिवसात दोनदाच भरतील, असं भाऊ म्हणतात. पण शेड संध्याकाळी सहाला बंद होते आणि साचे सकाळपर्यंत रिकामे पडून असतात! दोन हात, म्हणजे दोन खेपा, दिवसा भरायचे, तिसरा सुट्टी व्हायच्या आधी भरायचा, सकाळी आल्या आल्या काढायचा. आणि साचे आधी त्याच टबाशेजारी ऊन करून घेतले तर चार तासांचे तीन होतील. कदाचित अडीच. चौथाही हात बसेल. बिस्मथला दमट हवा चालत नाही, पण हा जानेवारी आहे, नागपूरचा, इथं ओठसुद्धा फुटतात.

उद्या करून बघते.

५ जानेवारी, सोमवार

शनिवारी आणि आज, दोन्ही दिवस उरलेल्या नमुन्यावर करून पाहिलं. साचे ऊन केले की पावणेतीन तास. आजची ब्लेडं कडक, स्वच्छ. संध्याकाळी भरलेली सकाळी टकटक वाजत निघतात. चारपैकी साडेतीन हात म्हणावेत इतकं काम होतं. मौद्याच्या तारखेला पुरतं, दोनदा हिशेब केला.

इंदूबाईंना आज त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. “भांड्यावरची कल्हई भांड्यालाच धरून बसते. पोटात कणभर गेलीच तर बहुतेक तशीच बाहेर पडते. या शिशीतल्या कथिलाला तेलाचा अंगरखा घातला आहे. अंगरख्यामुळं ते चरबीत, कातडीत, जिथं जायला नको तिथं शिरू शकतं. जहर कथिलात कमी आणि अंगरख्यात जास्त आहे.”

त्यांनी विचार केला. “म्हणजे तुमी ज्याले खोबरेल म्हणत होत्या तो त्या अंगरख्यातलाच तुकडा.”

“हो.”

“मग हे आधी सांगाचं ना बाई.”

‘मॅडम’ नाही म्हणाल्या.

नव्या शिशीत काय आहे, तेही त्यांनी विचारलं. बिस्मथ, म्हणाले. हा पण धातूच, याच्यापेक्षा खूप कमी घातक, पण हातमोजे तसेच राहणार आणि शिशी अंगाजवळ येणार नाही. बिस्मथ पोटदुखीच्या औषधात घालतात, हे मला माहीत आहे. ते मी कुणालाही सांगितलं नाही.

७ जानेवारी, बुधवार

रविंद्रभाऊ कालपासून मौद्यात, ऑर्डरच्या बैठकीला. जाताना म्हणाले होते, “मी येईपर्यंत जसं चालू आहे तसं चालू द्या. आल्यावर बसून बोलू.” उन्हाळ्यात पाहू आणि आल्यावर बोलू, यांत मला फारसा फरक दिसला नाही. कच्च्या मालाची मागणी माझ्या सहीनं जाते. सोमवारी संध्याकाळीच मी ती पाठवली होती.

दहा वाजता पुरवठादाराचा टेम्पो आला. बिस्मथचे डबे उतरवले. कथिलाचे डबे, उघडा आणि दोन बंद, झाकणं टेप लावून पक्की केली आणि परत न्यायला त्याच टेम्पोत चढवले. तिन्ही शिश्या एका पिशवीत घालून डब्यांबरोबर दिल्या. ड्रायव्हर म्हणाला, “शिश्या कायले ताई, रिकाम्याच तं आहे.” मी म्हणाले, घेऊन जा.

भावना आता तपासणीच्या टेबलावर बसते, शेडच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. खुर्ची माझी आहे. पगार तोच, हजेरी तीच. ब्लेड हातात घेते, कड तपासते, ठोकून पाहते आणि चूक दिसली की दुरूनच ओरडते, “इंदूमावशी, बुडबुडा आला वं! झोपून राहिली का?”

“खुर्चीवर बसली तं सायबीण झाली पोट्टी!”

जुना नियम भिंतीवरून मीच काढला. त्या जागी दुसरा लावला नाही. आता टेबलांवर लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत आहे. बाबांना सकाळी निघतानाच सांगितलं. ते म्हणाले, “डब्बा घेतला का?”

दुपारी साचे ऊन करून पहिला हात भरला. हातमोजे काढले, हात धुतले आणि रविंद्रभाऊंना फोन लावला. त्यांनी उचलला तेव्हा टेम्पो कामठी ओलांडून गेला होता.